‘सेवा करायची आहे’ या उत्तराला मार्क देऊ नका

प्रति,
राज्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांचे प्राचार्य आणि पहिल्या वर्षाला नर्सिंग फाउंडेशन शिकवणारे शिक्षक यांना

सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींकडून अनेक महाविद्यालयांत एक असाइनमेंट लिहून घेतात : ‘मी नर्सिंग का निवडलं? माझं परिचर्येचं तत्त्वज्ञान’. तीच मुलं पुढे पोस्टिंगला आमच्या वॉर्डात येतात आणि फायलीही बरोबर आणतात. कुणाचीही फाईल उघडली तरी पहिलं वाक्य ठरलेलं : लहानपणापासून मला रुग्णांची सेवा करण्याची आवड आहे. दुसऱ्या वाक्यात हातात दिवा घेतलेली बाई येते. तिसऱ्यात परिचारिका म्हणजे आईची माया. शेवटी लाल पेनाने ‘व्हेरी गुड’ आणि सही.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. काय लिहिलं की मार्क पडतात, हे सीनियर्सनी त्यांना होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं असतं. प्रश्नही वाईट नाही. तो फार लवकर विचारला जातो आणि भलत्या उत्तराला मार्क मिळतात, एवढीच आमची तक्रार आहे. त्यासाठीच हे पत्र, आणि ते उघड लिहिण्याचं कारण एवढंच की असाइनमेंट सगळीकडे जवळपास सारखीच असते.

टीपीआर चार्टपासून, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीच्या तक्त्यापासून सुरुवात करू, कारण तुमची मुलं वॉर्डात आल्यावर पहिल्यांदा तेच काम करतात. कुठल्याही भरलेल्या जनरल वॉर्डातले चाळीस चार्ट समोर ठेवा. ताप वेगवेगळा दिसेल, नाडीही थोडीफार वेगळी दिसेल. श्वासाच्या रकान्यात मात्र २०, २०, २०, २०. न्यूमोनियाचे आजोबा २०, हर्नियाचं ऑपरेशन झालेला तरुण २०, दम लागून बसून झोपणारी बाई २०. सगळा वॉर्ड एका तालात श्वास घेतो. हे आकडे मोजलेले नसतात, लिहिलेले असतात.

श्वास खरा मोजायचा तर पूर्ण एक मिनिट लागतं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर एक श्वास चुकला की आकडा चारने हलतो. १८ आणि २२ यांच्यातला फरक तिथेच पुसला जातो आणि आपल्याला हवा असतो तो नेमका हाच फरक. श्वास मोजला जातोय हे रुग्णाला कळू द्यायचं नाही. कळलं की तो सांभाळून श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. लहान मुलात पोटावर. मोठ्या माणसाला १२ ते २० ठीक. २२च्या पुढे गेला की कान टवकारायचे, २५ झाला की डॉक्टरांना फोन, मग बीपी कितीही छान असो. जंतुसंसर्ग अंगभर पसरायला लागतो तेव्हा शरीर आधी श्वास वाढवतं, बीपी पुष्कळदा नंतर पडतं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबून चालत नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा आकडा ९६ दिसत राहतो आणि तो ९६ टिकवायला तो माणूस मिनिटाला ३० श्वास ओढत असतो. जो आकडा यंत्र देत नाही तोच चार्टवर खोटा पडतो, हे काही योगायोगाने होत नाही.

गावात काम करणाऱ्या एएनएमला, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईला, हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, दोन ते बारा महिन्यांना ५०, एक ते पाच वर्षांना ४०. श्वास याच्या बरोबरीने किंवा पुढे गेला तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. तिच्याकडे एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर, अंगावरचं झबलं वर करून तिने मोजलेलं एक मिनिट, एवढ्यावर बाळाला पुढे पाठवायचं की नाही ते ठरतं.

आता त्या फायलीतलं वाक्य परत वाचा : मला रुग्णांची सेवा करायची आहे. हे लिहिणारी मुलगी श्वास मोजेल की २० लिहील, ते या वाक्यावरून कळतं का?

स्पंज बाथचंही, म्हणजे खाटेवरच रुग्णाचं अंग पुसून देण्याचंही, तसंच. प्रोसिजर बुकात तो ‘रुग्णाला स्वच्छ व प्रसन्न वाटावे म्हणून’ असतो आणि विद्यार्थ्यांना तो सगळ्यात कमी दर्जाचा वाटतो. सुई टोचायला सगळे पुढे, टॉवेल घ्यायला कुणी नाही. वास्तविक दिवसभरात रुग्णाचं सगळं अंग उघड्या डोळ्यांनी, चांगल्या उजेडात, वीस-पंचवीस मिनिटं कुणी पाहत असेल तर ते स्पंज देणाऱ्या दोघीच. राउंडला डॉक्टर येतात, चादर छातीपर्यंत असते, ते स्टेथोस्कोप लावून पुढे जातात. त्यांना दोष नाही, राउंडची रीतच तशी आहे.

पाणी कोमट हवं, साधारण ४३ ते ४६ अंश, आणि ते हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं, कारण तळहात रोजच्या कामाने बोथट झालेला असतो. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. डोळे नाकाकडून कानाकडे आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, म्हणजे एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्यात जात नाही. हात-पाय पंजाकडून वर, रक्त हृदयाकडे परतायला मदत होते. पोटरी मात्र चोळायची नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबली की दुखते अशी लागली तर आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाईचं खालचं अंग पुढून मागे पुसायचं, उलट कधीच नाही, नाहीतर शौचाच्या जागेचे जंतू लघवीच्या वाटेवर जातात. त्याआधी पाणी बदलायचं. स्तनांखाली, जांघेत, बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की बुरशी धरते, तिथे कोरडं करायला वेळ द्यायचा. मग कुशीवर वळवून पाठ. इथे खरं काम सुरू होतं.

माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, कोपर, डोक्याची मागची बाजू. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली की तिथलं रक्त थांबतं. पुस्तक सांगतं, लाल झालेली जागा बोटाने दाबा, पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे, लालच राहिली तर शय्याव्रणाची पहिली पायरी. पुस्तकातल्या चित्रातली कातडी गुलाबी असते. आपल्या वॉर्डातल्या बहुतेकांची सावळी किंवा काळी असते, तिच्यावर लाली दिसतच नाही. मुलं पाहतात, काही दिसत नाही म्हणून ‘स्किन इन्टॅक्ट’ लिहितात आणि चौथ्या दिवशी तिथे फोड असतो. सावळ्या अंगावर डोळ्यांपेक्षा बोटांनी बघावं लागतं. शेजारच्या कातडीपेक्षा ही जागा गरम आहे का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, हात लावला की रुग्ण कण्हतो का, रंग जरा जांभळट आहे का. ट्यूबलाइटच्या उजेडात हा जांभळटपणा फसवतो, शक्य असेल तेव्हा खिडकीकडे तोंड करून बघा. ही एक ओळ पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ठळक अक्षरात हवी, असं आम्हाला वाटतं.

दर दोन तासांनी कूस बदला, हे सगळ्यांना पाठ असतं. कशी, ते नसतं. पूर्ण आडवं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन तीसेक अंशांचाच कल द्यायचा. पोटऱ्यांखाली उशी अशी सरकवायची की टाचा अधांतरी राहतील. डोकं तीस अंशांपेक्षा जास्त वर ठेवलं की माणूस हळूहळू खाली घसरतो, हाड पुढे जातं आणि कातडी मागे राहते, आतल्या आत फाटते. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीतून, फीड चालू असेल तर मात्र डोकं वर ठेवावंच लागतं, नाहीतर फीड छातीत जाईल. तेव्हा काय सांभाळायचं आणि किती वेळ, हे त्या रुग्णापुरतं ठरवावं लागतं. वर ओढताना काखेत हात घालून फरफटवायचं नाही, अंगाखालची आडवी चादर (ड्रॉ शीट) दोघींनी धरून उचलायचं. लालसर जागेला तेल लावून मालीश, नातेवाइकांनी हौसेने आणलेली हवेची गोल रिंग, टाचेखाली पाणी भरलेला ग्लव्ह : या तिन्ही गोष्टी आपल्याकडे प्रेमाने केल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. मालीशने आधीच दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रिंगेच्या कडेवर गोलाकार दाब येऊन मधल्या भागाचं रक्त आणखी तुटतं आणि ग्लव्हने दाब पसरत नाही, एका जागी येतो. मायेने केलेलं काम चुकीचं असू शकतं, हे विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच पाहायला हवं. ‘आईची माया’ लिहिणाऱ्या निबंधात याला जागाच नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं उदाहरण तुम्ही वर्गात देत असालच. २७ नोव्हेंबर १९७३ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, १८ मे २०१५ला त्या गेल्या. मधली एकेचाळीसहून अधिक वर्षं केईएमच्या सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं. एका पिढीच्या सिस्टर्स निवृत्त झाल्या, दुसरी आली. इच्छामरणाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयापुढे जे आलं, त्यात त्यांना शय्याव्रण झालं नाही, ही गोष्टही होती. वर्गात ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटली तर एका रुग्णाच्या वर्षाला ४,३८० वेळा होतात. त्यातल्या किती दिवाळीच्या पहाटे येतात, किती मुंबई तुंबलेली असताना, किती दोघींपैकी एक आजारी असताना, याचा हिशेब मुलांना करायला सांगा. त्यागाने इतकी वर्षं कूस बदलत नाही. त्याला ड्युटी लिस्ट, बदली सिस्टर आणि चोख ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला दिलेली माहिती, लागते.

आता शपथेबद्दल. लॅम्प लायटिंगच्या समारंभात मुलं मेणबत्त्या घेऊन जी शपथ म्हणतात ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला, १८९३ साली लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि बाईंचं नाव आदराने दिलं. मूळ शपथेत डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन असं वचन आहे. खुद्द बाईंनी क्रिमियाच्या युद्धानंतर सरकारपुढे जे ठेवलं ते आकड्यांचे तक्ते होते. सैनिक जखमांपेक्षा रोगाने जास्त मेले, हे १८५८मध्ये त्यांनी आकृती काढून दाखवलं. दिवा आपण घेतला, वही तिथेच राहिली.

निष्ठेने साहाय्य म्हणजे सांगितलं ते करणं, असा अर्थ मुलं घेतात. औषधांच्या ट्रॉलीपाशी हा अर्थ धोक्याचा ठरतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन, ४०ची लाल टोपीची, १००ची केशरी. ऑर्डर आहे १० युनिट. हातात ४०ची सिरिंज, बाटली १००ची. दहाच्या रेघेपर्यंत औषध भरलं, म्हणजे पाव मिली, आणि पाव मिलीत गेली २५ युनिट. ऑर्डर बरोबर, रेघ बरोबर, सही बरोबर, आणि पहाटे तीनला रुग्ण घामाने निथळलेला, बोलत नाही. बाटलीचा आकडा आणि सिरिंजचा आकडा मोठ्याने म्हणून जुळवायचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवायचा, मग भरायचं. नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून सिरिंज आणली असेल तर दुप्पट लक्ष.

पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलीची अँप्युल दिसायला पाण्याच्या अँप्युलसारखी. आत १५ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम. थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. ते सलाइनमध्येच घालायचं. घातल्यावर बाटली पाच-सहा वेळा उलटसुलट करायची, कारण पोटॅशियम जड, तळाशी बसतं आणि टांगलेल्या बाटलीतून पहिल्यांदा तेच उतरतं. वॉर्डात हाताच्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नको. त्याआधी लघवी होते आहे ना ते पाहायचं. होत नसेल तर ऑर्डर लिहिलेली असली तरी थांबायचं आणि फोन करायचा. ‘थांबायचं आणि फोन करायचा’ हे शिकवायला तुम्हाला किती तास मिळतात, ते आम्हाला माहीत नाही. आमच्या मते निबंधाऐवजी त्याला द्यावेत. रात्री दोनला झोपेतून उठवलेल्या रेसिडेंट डॉक्टरशी, आवाज न चढवता, आकडे सांगून, ‘सर, मी हे देत नाहीये, तुम्ही येऊन पाहा’ हे म्हणता येणं हा सरावाचा भाग आहे. भित्र्या मुलीला ते जमत नाही असं नाही. तयारी न करून घेतलेल्या मुलीला जमत नाही.

रुग्णाला सन्मान द्या, नावाने हाक मारा, हेही निबंधात असतं आणि ते खरंच आहे. पण तिथेही कारण अर्धंच लिहिलेलं असतं. ‘चौदा नंबर’ म्हणून हाक मारणं उद्धटपणाचं आहेच, त्याहून जास्त ते घातक आहे, कारण खाटा बदलतात. सकाळचा चौदा दुपारी अठरावर असतो. कोल्हापूरच्या वॉर्डात एका रांगेत तीन पाटील सहज सापडतील. ‘तुम्ही पाटील ना?’ विचारलं की झोपेतला माणूस हो म्हणतो, बहिरा माणूस हसून मान हलवतो. विचारायचं ते ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’, आणि केस पेपरवरच्या रजिस्ट्रेशन नंबराशी ताडायचं. रक्त चढवताना तर दोघींनी, खाटेपाशीच, बॅग हातात धरून.

बेशुद्ध रुग्णाशीही बोलायचं, ‘आजी, आता कुशीवर वळवते हं’ म्हणून मग हात लावायचा. ऐकू येत असेल की नाही ते आपल्याला ठरवता येत नाही, आणि अचानक हात लागला की नाडी आणि बीपी कधी कधी उड्या मारतात ते मॉनिटरवर दिसतं.

बेडपॅनबद्दल निबंधात कुणी लिहीत नाही. ते समजण्यासारखं आहे. कुणी कुणाला शिवायचं आणि कुणाची घाण कुणी काढायची हे ज्या समाजात शतकानुशतकं जन्मावर ठरत आलं, तिथे दुसऱ्याच्या मलमूत्राला हात लावणारा पगारी व्यवसाय उभा राहणं सोपं नव्हतं. पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनच्या बायकांना ससूनमध्ये नर्सचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हाची टीका इतिहासाच्या तासाला जरूर सांगा. पण आजही बेडपॅन मावशींकडे ढकललं जातं आणि त्यात काय होतं ते मावशींना कुणी विचारत नाही. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच म्हणजे जठरात किंवा त्याच्या जवळपास रक्तस्राव. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते हिरवट झाकेचं आणि घट्ट असतं. लघवीचंही तसंच. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली हा किमान हिशेब. पहाटे पाचला युरोबॅग, म्हणजे लघवी साठणारी पिशवी, मापात न ओतता थेट रिकामी झाली की रात्रीचा सगळा हिशेब नळीतून गेला. मग इन्टेक-आउटपुट चार्टवर अंदाजे ‘१२००’ येतं. तो चार्ट बघून पुढचं सलाइन ठरतं. मावशींना मापाचं भांडं दाखवणं, आकडा कुठे लिहायचा ते सांगणं आणि लिहिल्यावर ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणणं, एवढ्याने निम्मे वॉर्ड सुधारतात.

हे सगळं एका वाक्यात बसवायचंच असेल तर व्हर्जिनिया हेंडरसन यांची १९६६मधली व्याख्या घ्या. माणसाला ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर जे त्याने स्वतःच केलं असतं, ते करायला त्याला मदत करायची, आणि अशी करायची की लवकरात लवकर त्याला आपली गरज उरू नये. उत्तरार्ध पाठ करून घ्या, तोच विसरला जातो. लकवा झालेल्या माणसाला शर्ट घालून देणं सोपं, मिनिटाचं काम. लुळा हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला, काढताना चांगला हात आधी, लुळा शेवटी, हे त्याला शिकवून दहा मिनिटं नुसतं शेजारी उभं राहणं अवघड. घरचे म्हणतात, सिस्टर उभ्या आहेत, मदत करत नाहीत. जेवण भरवताना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, घास चांगल्या बाजूच्या गालात, प्रत्येक घासानंतर लुळ्या बाजूच्या गालात काही अडकलं नाही ना ते पाहायचं, आणि जेवल्यावर अर्धा तास झोपवायचं नाही. हे नातेवाइकांना करून दाखवलं नाही तर तो माणूस पंधरा दिवसांनी छातीत संसर्ग घेऊन परत येतो.

राहिला पहिला प्रश्न, नर्सिंग का निवडलं. यवतमाळ, बीड, नंदुरबारहून आलेल्या मुलीने ‘लवकर नोकरी लागते, होस्टेल आहे, घरी धाकटी भावंडं आहेत’ असं लिहिलं तर तिचे मार्क कापू नका. ‘जर्मनीला जायचंय, बी-टू पर्यंत जर्मन शिकतोय’ असं एखाद्या मुलाने लिहिलं तरीही नाही. पगारासाठी आलेली मुलगी श्वास पूर्ण मिनिट मोजू शकते आणि सेवेसाठी आलेली २० लिहू शकते, आम्ही दोन्ही प्रकार रोज पाहतो. सेवा या शब्दाने आणखी एक नुकसान होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मानकाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. चाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री दोघी असतील तर फक्त श्वास मोजायला चाळीस मिनिटं. त्यात दहा जण खिळलेले असतील तर एकेकाची कूस बदलायला दोघींची पाच-पाच मिनिटं, म्हणजे पन्नास मिनिटं, आणि दोन तासांनी परत तेच. इंजेक्शनं, सलाइन, नवी ॲडमिशन, एखादा खालावलेला रुग्ण याला उरलेला वेळ मोजून पाहा. सेवा म्हटली की हे गणित मांडणं कृतघ्नपणाचं वाटायला लागतं. मग २०, २०, २० लिहिलं जातं आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. कमी मनुष्यबळ चार्टवर कुठेच दिसत नाही, कारण आम्हीच ते झाकून ठेवतो.

तेव्हा आमचं म्हणणं असं. असाइनमेंट पहिल्या सत्रात देऊ नका, वर्षअखेरीला, दोन-तीन वॉर्ड फिरून झाल्यावर द्या. विषय एकच प्रक्रिया असावा, तोंडाची स्वच्छता असो, कूस बदलणं असो, युरोबॅग रिकामी करणं असो. प्रत्येक पायरीपुढे ‘का’ आणि ‘हे चुकलं तर काय होतं’ असे दोन रकाने. शेवटी एक प्रश्न : आज काय करायचं राहिलं आणि कशामुळे? या प्रश्नाच्या उत्तराला शिक्षा नको, नाहीतर तिथेही खोटं लिहिलं जाईल. तोंडी परीक्षेत सगळे श्वास २० असलेला चार्ट समोर ठेवा आणि यात काय दिसतं ते विचारा. आणि ओव्हरच्या वेळी, सकाळी आठला आणि दुपारी दोनला, क्लिनिकल इन्स्ट्रक्टरने विद्यार्थ्यांसह खाटेपाशी उभं राहावं. ‘चौदा ठीक आहे’ ही ओव्हर झाली नाही. नाव, कशासाठी दाखल, रात्रीत काय बदललं, कोणती नळी कुठे आणि कधीची, पाठ कशी आहे, कशावर नजर ठेवायची : एवढं खाटेपाशी, चादर बाजूला करून सांगितलं तर रुग्णामागे एक-दोन मिनिटं जातात. ही मिनिटं वाचवली की ती दुपारनंतर दामदुपटीने द्यावी लागतात.

पुढची बॅच येईल तेव्हा प्रत्येकाकडे सेकंदकाट्याचं घड्याळ हवं. मनगटावर नको, हात नीट धुता येत नाहीत. गणवेशाच्या खिशाला अडकवायचं मिळतं, ते घ्यायला सांगा. मोबाइलचं टायमर चालणार नाही, रुग्णाला वाटतं सिस्टर फोन बघतायत. एक छोटी टॉर्च, खिशात मावणारी वही आणि दोन पेनं. एक आमच्याकडे राहतंच.

आपल्या,
वॉर्डातल्या सिस्टर्स आणि ब्रदर्स